जाफराबादेकडची बुजवलेली बारव

पुण्याहून निघताना मी चक्क खुशीत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे खुशीचं फारसं काही येणार नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी निजामाच्या राज्यातून विचारणा आली होती. जाफराबादेकडच्या एका गावात घरोघर नारू निघतो, त्यावर उपाय सुचवा. त्यांच्या पदरी डॉक्टर होते, इंजिनिअर होते. मग माझ्यासारखा मास्तर कशाला, असं मी विचारलं. हैदराबादचे एक बडे अधिकारी म्हणाले, "आमच्या नोकराचं मत म्हणजे आमचंच मत. ज्याला आमच्याकडून काही नको असा माणूस आम्हाला हवा." झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मानधन नको म्हणालो, गावात जाऊन राहिलो, बारवेचं (पायऱ्यांच्या विहिरीचं) पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

नारूचं दुखणं समजायला सोपं आहे. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पाणकिड्यातून तो पोटात जातो आणि वर्षभराने पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येतो. तो पाय पाण्यात बुडाला की पुन्हा पिल्लं सोडतो. बायका पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभ्या राहणार आणि तेच पाणी घरी नेणार, मग दुसरं काय होणार? म्हणून माझा सल्ला असा होता: आधी वर कठडा बांधून रहाट बसवा, आणि मग पायऱ्या बुजवा. आधी आणि मग, हे दोन शब्द मी जाड अक्षरांत लिहिले होते.

यंदा माघात कळवण्यात आलं की आपला सल्ला अंमलात आला आहे, पाहायला यावं. आमच्या धंद्यात कोणी असं बोलावत नाही. मी लगेच निघालो.

मनमाडला गाडी बदलली. निजामाची हद्द ओलांडताच करोडगिरीवाले (जकातीचे लोक) डब्यात शिरले. एकाने माझी पेटी उघडली आणि सूक्ष्मदर्शक उचलून विचारलं, "ये क्या है?" पाण्यातले किडे बघतो म्हटल्यावर तो खो खो हसला. म्हणाला, "पाणी प्यायचं सोडून बघत काय बसता?" जातानाही तो आपल्या सोबत्याला मोठ्या कौतुकाने हे सांगत होता. मलाही हसू आलं. तेव्हा येत होतं.

जालन्याला गिरदावर (महसुली अंमलदार) हार घेऊन हजर होते. गोल चेहऱ्याचे, पानाचे शौकीन, मनाने चांगले गृहस्थ. वाईट माणूस या साऱ्या प्रवासात मला कुठे भेटलाच नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. मोटारीतून जाफराबादेकडे जाताना दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस वेचून झालेली पऱ्हाटी आणि काढणीला आलेली ज्वारी. केळना नदी जिथे पूर्णेला मिळते तिथे आम्ही जेवलो. भाकरी आणि येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेलं पीठ). आमटी इतकी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं. "आपलं काम बिलकुल बराबर झालंय, प्रोफेसरसाब," गिरदावर म्हणाले. मी आणखी एक भाकरी घेतली.

पुढे बैलगाडीने गाव गाठलं. बारवेच्या तोंडाशी दगडचुन्याची भक्कम भिंत उभी होती. पायऱ्या बुजल्या होत्या. मी वर पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. रहाट नव्हता आणि कठडाही नव्हता.

"रहाट कुठंय?" मी विचारलं.

"तो जेरे गौर आहे," गिरदावर म्हणाले. म्हणजे विचाराधीन.

मग त्यांनी मला सरकारी रीत समजावून सांगितली. कागद वर जातो तेव्हा त्याची कलमं सुटी केली जातात. ज्याला खर्चा नाही ते कलम फौरन मंजूर. ज्याला खर्चा आहे ते दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या खात्यात. भिंतीसाठी दगड गावातलेच, हात गावकऱ्यांचेच. एका हुकमात काम झालं. रहाटाला लोखंड लागतं, सुतार लागतो, मंजुरी लागते. "अर्धं तर झालं ना," ते म्हणाले. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

"मग लोक पाणी कुठून आणतात?"

उत्तर आमच्याबरोबर आलेल्या गावच्या पाटलाने दिलं. "वरून दोर सोडून पाह्यला साहेब. घागर आतल्या दगडी टप्प्यावर आपटून फुटती. एक बाई तोल जाऊन पडतच व्हती. मंग म्या काठानं बाभळीच्या काट्या लावल्या. आता समदे नाल्यातल्या डोहावर जातेत."

आम्ही डोहावर गेलो. हिरवट, साचलेलं पाणी. काठ इतका चिखलाचा की घागर बुडवायची तर आत शिरावंच लागे. गुडघाभर पाण्यात एक बाई नुसतीच उभी होती. मी तिला ओळखलं. गयाबाई, गेल्या वर्षी मी हिच्याच ओसरीवर बसून गावाला पाणी गाळायला शिकवलं होतं. ती बाहेर आली तेव्हा घोट्याजवळ काडीला गुंडाळलेला नारू दिसला. रोज थोडा थोडा ओढून तो त्या काडीवर घ्यायचा असतो.

"गयाबाई, हा पाय पाण्यात घालायचा नाही, सांगितलं होतं ना मी?"

"आग होऊन राह्यली दादा. पाण्यात ठेवला की जीव थंड व्हतो. आन् न्हाई ठेवला तरी घागर कशी भरू?"

"पाणी गाळता का?"

"घरी गाळते की. पर शेतात कोण गाळतं? तिथं ओंजळीनंच पेतेत." मग तिने पायाकडे बोट केलं. "माझं राहू द्या. तुमीच सांगितलं व्हतं, आज पेलेलं साल सरलं की निघतं. मंग पुढल्या साली आमच्यात कोणाकोणाला निघंल?"

मला उत्तर ठाऊक होतं. बारवेत निदान पाणी खोल होतं. या डबक्यात तर किड्यांची चंगळ. मी वाकून डोहाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. शास्त्रज्ञाने पाणी बाटलीत घेतलं की लोकांना वाटतं, आता काहीतरी होणार.

"भिंत तरी काढाल का?" तिने विचारलं.

जाफराबादेला परतून मी तहसीलदारांसमोर बसलो. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, रहाट येईपर्यंत भिंत पाडा, आजच पाडा, आहे त्याहून वाईट काही होणार नाही.

ते शांतपणे म्हणाले, "प्रोफेसरसाब, आपण सरकारचे नोकर नाही, म्हणून तर आपल्या मताला एवढं वजन. त्या मताविरुद्ध मी कसा जाऊ?"

"अहो, पण मीच सांगतोय."

"तो सल्ला सरकारने मागितला होता. हा मागितलेला नाही."

माझा चहा तसाच राहिला. संताप आला, पण कोणावर काढणार? त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, गाडीत फराळाचा डबा ठेवायला लावला. परतीच्या वाटेवर मी कशाकडेच पाहिलं नाही. करोडगिरीवाल्याने या वेळी पेटी उघडलीच नाही. ओळखीचं हसला फक्त.

घरी आलो तेव्हा बायकोने तांब्याभर पाणी पुढे केलं. नळाचं, स्वच्छ. ते पिताना मला लाज वाटली. सल्ला चुकला असता तर बरं झालं असतं. चूक दुरुस्त करता येते. माझा सल्ला बरोबर होता, अजूनही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. तो कोणी धुडकावला असता तरी चाललं असतं, बायका बारवेत उतरत राहिल्या असत्या. पण त्यांनी तो मानला, आणि परवडेल तेवढाच मानला.

मी हैदराबादेला लिहिलं. उत्तर अतिशय अदबीचं आलं. आपली नवी सूचना जेरे गौर आहे.

आता चैत्र लागलाय. डोह आटत आत सरकला असेल, आणि घागर भरायला गयाबाईला अजून आत जावं लागत असेल.