गोजराबाईचं तुळशीचं कुंपण

गोजराबाईचा डासांवर राग होता. साधासुधा नव्हे, भाऊबंदकीत माणूस माणसावर धरतो तसला, जन्माचा. तिचे दोन मुलगे हिवतापानं गेले होते. बहिरू भातलावणीच्या दिवसांत गेला, आणि धाकट्याचं नाव घरात रुळायच्या आत तोही त्याच्या मागोमाग. ताम्हिणीच्या वाटेवर, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला तिचं घर. तिकडं हिवताप माणसं न्यायला यायचा आणि लोक म्हणायचे, नशिबात होतं. गोजराबाईपुढं नशिबाचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

"नशीब चावतं व्हय रातच्याला?" ती विचारायची. "डास चावत्यात."

हे तिला कळलं होतं फवारणीवाल्या सरकारी माणसाकडून. तो जाता जाता म्हणाला होता, मावशी, हिवताप डास आणतात, दाराशी पाणी साचू देऊ नका. त्यातलं पहिलं बोलणं तिनं काळजात कोरून ठेवलं आणि दुसरं तिथंच सोडून दिलं. साचलेलं पाणी म्हणजे तिच्या लेखी डबकं, चिखल, उकिरडा. तसलं काही तिच्या दारात औषधालाही सापडलं नसतं.

उरली होती एकटी लेक, जया. तिला काही होऊ द्यायचं नाही, एवढं एकच गोजराबाईनं मनाशी धरलं. डासाला उग्र वास सोसत नाही हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. मग काय, घराभोवती तुळस लागली, रानतुळस लागली, निरगुडी, गवती चहा, सब्जा, झेंडू. चार वर्षांत असं दाट कुंपण झालं की दारात पाऊल टाकलं की डोकं भणभणावं. ह्या मुलखाची तऱ्हाही अशी की पावसाळ्यात नाकातोंडात पाणी आणि शिमग्याला झाडं माना टाकतात. पण गोजराबाईचं माहेर पुरंदराकडचं, कोरडं. तिकडं वेलाच्या बुडाशी मडकं पुरतात; पाणी झिरपत राहतं आणि मूळ गार राहतं. ती रीत तिनं इथं आणली. गावातली गळकी घागर, काठ फुटलेलं मडकं, काही म्हणून तिनं वाया जाऊ दिलं नाही. प्रत्येक झाडाला एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, आणि त्यात देवाला घालावं असं स्वच्छ पाणी. डोक्यावरून आणायची आणि भर घालत राहायची. एकही कधी रिकामं पडू दिलं नाही.

"नवऱ्याला कदी एवडं पानी इचारलं न्हाईस," कुशाबा, तिचा नवरा, म्हणायचा.

"तुमास्नी मुळं हायेत का?" ती म्हणायची, आणि पुढच्या मडक्याकडं वळायची.

जया भुकूमला दिली. वर्षातच दिवस गेले. सातव्यात गोजराबाई तिला न्यायला गेली, तर विहीण, भागूबाई, अडून बसली. बाई मायाळू, पण स्पष्ट. "ईनबाई, तुमच्याकडं हिवताप लई. पोरीला हितंच ऱ्हाऊ द्या. रीत काय, फुडल्या खेपंला करू."

गोजराबाईला ते झोंबलं. "पयलं बाळतपण म्हायेरालाच हुतं. माज्या घराला तुळशीचं कुंपान हाय, डास फिरकत न्हाई." भागूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला तो तिनं परतवला. लेकीच्या घरचं पाणी नातवंड झाल्याशिवाय प्यायचं नाही, ही तिच्याकडची रीत. "नातवंडाचं तोंड बगितलं की पिईन," म्हणाली, आणि लेकीला घेऊन निघाली.

डास फिरकत नाही हे मात्र खरं नव्हतं. शेजारची धोंडाबाई एकदा म्हणालीही, "गोजरे, ह्या उनाचं गावात कुटं डास न्हाई, तुज्याच दारात गं कसे एवडे?"

"गरभारणीच्या वासानं येत्यात," गोजराबाई म्हणाली. तिला तसंच वाटत होतं. तिनं आणखी झाडं लावली, आणखी मडकी पुरली.

आठव्यात जयाला हुडहुडी भरली. गोधड्या पुरेनात, दात वाजायचे, मग अंग असं तापायचं की हात ठेववेना. गोजराबाईनं काय करायचं बाकी ठेवलं? तुळशीचा रस पोरीच्या अंगाला चोळला. निरगुडीचा धूर केला, तो इतका की जया खोकून खोकून रडकुंडीला आली. फुटक्या डेऱ्यात तुळस लावली, तिच्या बुडाशी पाण्याचं लोटकं रोवलं, आणि तो डेरा खाटेच्या उशाला आणून ठेवला.

"आये, पौडला ने मला," जया म्हणाली. "डाक्टर हाय तितं."

"गाडीत हादरून काय झालं म्हंजी? उतरंल ताप. झाडं हायेत की."

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी ती मडकी भरायला गेली. घागर वाकवणार, तोच तिला पाण्यात काही वळवळताना दिसलं. असले किडे तिनं आधीही पाहिले होते. पाण्यात किडे असायचेच. पण आज त्यातला एक वर येऊन पाण्याला टेकून थांबला. त्याची पाठ उकलली. आतून हळूहळू डोकं निघालं, मग पाय, मग पंख. आपल्याच सालपटावर तो थोडा वेळ उभा राहिला आणि उडाला. तिच्या तोंडासमोरून घरात गेला.

गोजराबाई दुसऱ्या मडक्यापाशी गेली. तिसऱ्यापाशी गेली. सगळीकडं तेच. मग तिला उशाजवळचा डेरा आठवला.

कुशाबा बाहेर आला तो खापऱ्यांचा आवाज ऐकून. बायको वरवंटा घेऊन मडकी फोडत सुटलेली. त्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "गाडी जुपा," एवढंच ती म्हणाली.

पौडच्या डॉक्टरनं कडू गोळ्या दिल्या. जया वाचली. पोर पोटातच गेलेलं होतं. मुलगा होता.

भागूबाई आली तेव्हा गोजराबाईनं तिच्यापुढं काही लपवलं नाही. म्हणाली, डास मीच पाळले, तुमी म्हनत हुता तेच खरं. भागूबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, आणि बरी झाल्यावर घरी नेलं. त्या उन्हाळ्यात पाण्यावाचून कुंपण वाळून गेलं. गोजराबाईनं ते चुलीत घातलं.

जयाला पुन्हा दिवस राहिले तेव्हा भागूबाईनं निरोप धाडला: न्या लेकीला, रीत मोडू नका. आता नाही म्हणाली ती गोजराबाई. जया रुसली. आईनंच माहेर तोडलं म्हणून सासरी रडली. गोजराबाईच्या कानावर ते आलं. तिनं ते गिळलं आणि स्वतः भुकूमला जाऊन राहिली. शेजारच्या गोठ्यात तीन दगडांवर वेगळं शिजवायची, पाणी विहिरीवर जाऊन प्यायची, आणि दिवसभर विहिणीच्या अंगणात हिंडून एकेक भांडं पालथं घालायची. कोंबड्यांचं पाणीसुद्धा. लोक हसायचे. भागूबाई हसली नाही.

मुलगी झाली. ठणठणीत. भागूबाईनं बाळ दाखवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या आता. फिटलं तुमचं."

गोजराबाईनं तांब्या घेतला. उजेडाकडं वळवला, वाकून आत बघत राहिली.

"पानी सवच्छ हाय, ईनबाई," भागूबाई म्हणाली.

"व्हय," गोजराबाई म्हणाली. "आमचंबी सवच्छच हुतं."