सात जुने वण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. आता गप्प राहण्याचाच थकवा येतो, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

संस्थानं विलीन झाली त्याच्या आदल्या वर्षी मी बऱ्हाणपूरच्या कचेरीत कारकून होतो. शेजारच्या संस्थानातला आरोपी आमच्या हद्दीत सापडला, की त्यांचा जमादार कागद घेऊन यायचा आणि आम्ही माणूस स्वाधीन करायचो. इंग्रजांच्या वेळेपासूनचा एक नियम होता. आधी आरोपीच्या अंगावरचे वण मोजायचे, यादी करायची, त्याला वाचून दाखवायची, अंगठा घ्यायचा. पुढे मारहाण झालीच, तर ती कुणाच्या ताब्यात झाली ते कळावं. यादी करायचं काम माझ्याकडे. का? मी आकड्यांत चुकत नसे म्हणून.

आमच्या हद्दीत, नदीपलीकडे जैनाबादला मेहुण्याकडे लपलेला एक विणकर धरून आणला होता. बोलला होता दिवाणाविरुद्ध, भर सभेत – आरोप मात्र सुताच्या चोरीचा. त्याच्या गुडघ्यावर एक जुना वण होता. एक.

"बाबूसाहेब, सात लिहा," जमादार म्हणाला. "पाठीवर, खांद्यावर, कुठेही. कमी पडायला नको."

मी नाही म्हणालो. तो हसला. "तुम्ही केळीसुद्धा दोनदा मोजून घेता म्हणे! अहो, राज्यच चाललं आमचं. कोण बघतो कागद?"

तासभर तो टेबलाशी उभा होता. मला भीती होती का? कुणाची? तो परक्या राज्याचा, माझं काही बिघडवू शकत नव्हता. लाचही दिली नाही त्याने. मला फक्त – कसं सांगू – वाद घालायचा कंटाळा आला. घरी जेवायला जायचं होतं. मी सात लिहिले.

नियमाप्रमाणे वाचूनही दाखवले. विणकर गोंधळला. "बाबूजी, एकच हाय ना. गिनून घ्या," म्हणत त्याने सदरा वर केला. पाठ कोरी होती. ती मी पाहिली, आणि म्हणालो, "अंगठा दे."

तीन महिन्यांत तो संस्थानाच्या कोठडीत मेला. विलीनीकरणानंतर त्याच्या बायकोच्या अर्जावरून चौकशी झाली. तिकडच्या पंचनाम्यात प्रेतावर सहा 'जुने' वण. माझ्या यादीत सात. सहाही सातांत बसत होते. तरी अधिकाऱ्याने मला विचारलं, "स्वतः मोजले होते?" आता समोर जमादार नव्हता, घाई नव्हती, संस्थानही उरलं नव्हतं. खरं बोलायला आणखी काय हवं होतं मला?

"मोजूनच लिहिले, साहेब," मी म्हणालो.

अर्ज निकाली निघाला. निकाल तिला समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. ती जमिनीवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग त्यांले कोनी मारलं नाही ना, बाबूजी?"

मी म्हणालो, "नाही, बाई."

तिने विश्वास ठेवला.