सोरखाचा विस्तव

सोरखाचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. पाद्र्याने आशीर्वाद दिला तरी बदल्यात हा काय मागणार, म्हणून ती त्याच्या हाताकडे बघायची. मेयो परगण्यातल्या त्या डोंगरउतारावरच्या वस्तीत तिची यावरून टर उडायची. पण सगळ्या आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला, दुसऱ्या वर्षीही पीक काळं होऊन सडलं, आणि मग टर उडवायलाही फारसं कुणी उरलं नाही.

अशात जमीनदाराचा कारभारी दारात आला. साहेब तुम्हाला कॅनडाला पाठवतायत, तेही फुकट, म्हणाला. सोरखाचा नवरा टायग तर रडायलाच लागला. सोरखाने अट विचारली. अट होतीच. जाण्याआधी आपलं छप्पर आपल्याच हाताने उतरवायचं आणि चूल विझवायची.

"बघितलंस?" कारभारी गेल्यावर ती टायगला म्हणाली. "ज्याने गळक्या छपराला कधी गवताची काडी दिली नाही, तो जहाज देतोय. सरकारी गरीबखान्यात आपल्याला पोसायचा कर भरण्यापेक्षा समुद्रात ढकलणं स्वस्त पडतं त्याला."

"पडू दे. पोरी चार दिवस शेवाळ उकडून खातायत."

पोरींकडे बघून ती तयार झाली, पण दोन वर्षांत परत यायचंच, असं मनाशी ठरवून. परत येणारं माणूस तिथे चूल विझवत नाही. निखारे शेजारणीच्या चुलीत ठेवतं आणि आल्यावर तिथूनच आपला विस्तव उचलून आणतं. सोरखाच्या आजेसासूपासूनचा विस्तव होता तो, एक दिवस विझला नव्हता. कारभाऱ्याला यातलं काही कळायचं नाही, याचंच तिला समाधान होतं.

शेजारीण उना मात्र आठवडाभर तोंड चुकवत होती. कारभारी तिच्याही घरातून बाहेर पडताना सोरखाने पाहिला होता. ही बया आपला बटाट्याचा वाफा गिळणार, हे तिने गृहीतच धरलं.

छप्पर उतरवायच्या दिवशी सकाळी ती हंडीत निखारे घेऊन उनाकडे गेली. उना दारातच आडवी उभी राहिली.

"आत नको आणूस, सोरखा."

"का गं? कारभाऱ्याने मनाई केलीय? की माझा वाफा मिळतोय तुला?"

उना चिडली नाही. ती नुसती बाजूला झाली. आत मागच्या बाजूचं छप्पर निघालेलं होतं आणि चुलीवर उघडं आभाळ दिसत होतं.

"आमचं जहाज गुरुवारचं," उना म्हणाली. "तुला सांगवेना. म्हटलं, तू तरी परत यायच्या भरवशावर निघशील."

"आणि वरच्या आळीत?"

"तिथेही कुणी मागे राहत नाहीये गं."

सोरखाला खूप वाईट वाटलं, आणि तितकीच लाजही वाटली. मग वाकून तिने सगळे निखारे उनाच्या चुलीत ओतले.

"गुरुवारपर्यंत तरी सांभाळ," ती म्हणाली, आणि छप्पर उतरवायला घरी गेली.