तिसऱ्या गोळ्याची पूजा

आमचे हे कुवेतला, मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर. कामावर जाताना खिशात साधी काडेपेटी नसायची. झोपण्यापूर्वी गॅसचं बटण स्वतः बघून यायचे, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. आणि हाच माणूस ऑक्टोबर लागला की फिंतासच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीचं दार लावून, शोभेच्या दारूचे गोळे बनवायला बसायचा! जोडीला पुण्याचा एक मित्र, तोही इंजिनिअर. आकाशात जाऊन फुलणारे गोळे. दिवाळीला आकाश कोरडं बघवत नाही म्हणे.

मला ते दार बंद झालं की धडकी भरायची. सापडलो तर इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द, पहिल्या विमानाने घरी. पण माझी खरी भीती वेगळी होती. मी डोळ्यांच्या वॉर्डात नर्स. काय काय येतं तिथे, ते मी रोज बघत होते. "नोकरी गेली तर दुसरी मिळेल, डोळे गेले तर काय करणार आहात?" मी ओरडायचे. हे शांत. "अगं, नियम पाळले की काही होत नाही. न उडालेल्या गोळ्याजवळ अर्धा तास फिरकायचं नाही. एवढं केलं की झालं." जसा काही गोळाही ह्यांच्या हाताखाली कामाला होता.

त्या वर्षी, आखातातलं युद्ध संपून पाचसहा वर्षं झाली असतील, लक्ष्मीपूजन सुट्टीच्या दिवशी आलं. दिवेलागणीला पूजा मांडली. मित्राने तिन्ही गोळे आणून पाटावर लक्ष्मीसमोर ठेवले. दसऱ्याला आपण हत्यारं पुजतो, अवजारं पुजतो, मग हे का नको, म्हणाला. मी निरांजन उचलून लांब खिडकीत नेऊन ठेवलं. तेवढं माझं ऐकलं. पण मित्राने फूल पाण्यात बुडवून तिन्ही गोळ्यांवर शिंपडलं, ओलं हळदकुंकू बोटाने लावलं. तिसरा गोळा सगळ्यांत मोठा, ह्यांनी स्वतः केलेला, म्हणून त्याला हात जरा सढळ. वातीवरून पिवळा ओघळ आला.

"अहो भाऊजी, वात भिजली ना!"

"देवाचं पाणी आहे वहिनी, काही होत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ऑफिसात ओला हातमोजा दिसला तर काम थांबवणारा माणूस, पण इथे डोळे मिटून हात जोडून उभा! देवापुढे वाद नको वाटला असेल.

वाळवंटात शिरलो तेव्हा अंधार पडला होता. वाळूत अजून लढाईतलं न फुटलेलं बरंच काही पुरलेलं असायचं, म्हणून टायरच्या जुन्या खुणांवरूनच गाडी न्यायची. गोळे उडवायचं नळकांडं वाळूत रोवलं. पहिला गोळा गेला, लाल. दुसरा हिरवा. काय सुंदर दिसला मेला! मी क्षणभर राग विसरले.

तिसऱ्याची वात पेटली, ठिणगी नळकांड्याच्या तोंडापर्यंत गेली आणि विझली. काहीच नाही. वारासुद्धा पडला होता.

"कुणी हलायचं नाही," हे म्हणाले. आम्ही गाडीमागे उभे राहिलो.

मग लांबवर दोन दिवे दिसले. थेट आमच्याकडे येणारे.

"पोलीस!" मित्राचा आवाज फाटला. "ते नळकांडं दिसलं तर खल्लास!"

ह्यांनी एकदा दिव्यांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मी बाही धरली. "अहो, नको! जाऊ दे नोकरी, मरू दे तो इकामा!" बाही माझ्या हातातून सुटली. हे धावले, नळकांड्यावर वाकले आणि ते उपसायला लागले.

आवाज मला आठवतच नाही. पांढरा उजेड आठवतो, आणि हे गुडघ्यांवर बसलेले.

गाडी येऊन थांबली. पोलीस कसले! एक कुवेती माणूस, बायको आणि मागे पोरं. आकाशात रंग दिसले म्हणून मुलांना दाखवायला आणलं होतं बिचाऱ्याने. त्याने काही विचारलं नाही. डोक्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि आमच्यापुढे गाडी काढली, हॉस्पिटलचा रस्ता दाखवायला.

मित्र गाडी चालवत होता आणि रडत होता. मागच्या सीटवर ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. हात शाबूत होते. हे सारखे बोलत होते. "वाळू गेलीय डोळ्यांत. चुरचुरतंय नुसतं. तू बघ ना, तुझंच तर काम आहे."

मी पर्समधली बॅटरी काढली, पापणी उचलून बघितलं, मग दुसरी. रोज बघणारी बाई मी, मला दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती.

"काय दिसतंय?"

"वाळूच आहे," मी म्हणाले. "धुतली की जाईल."

"अगं, पण अशी अंधारात काय बघतेस? बॅटरी तरी लाव."

बॅटरी लावलेलीच होती.