वाळवीने खाल्लेलं घर

मामलेदार कचेरीत वीस वर्षं काढली की माणसाकडे पेन्शन कमी आणि किस्सेच जास्त जमतात. आमच्या कर्जतच्या दप्तरखान्यात तर कागदाला वाळवी लागायची, पण किश्श्यांना कधी लागली नाही. त्यातला एकट्या काशीबाईच्या घराचा भाराच मोठा आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. भिसेगावात काशीबाईचं कौलारू घर. नवरा वारलेला, पदरी दोन मुली आणि एक म्हैस. शेजारी भाऊशेठची भाताची गिरणी. गिरणी वाढवायची म्हणून शेठनी अर्ज ठोकला : "हे घर आमच्या आजोबांचं. हिच्या आजेसासऱ्याला, राघोला, नुसतं राहायला दिलं होतं." मामलेदारसाहेबांनी हुकूम सोडला, घराचा मूळ कागद शोधा. नाही सापडला तर बाईने दिवाळीपूर्वी घर सोडायचं!

* * *

शोधायचं काम तात्यांकडे. तात्या म्हणजे आमचे दप्तरदार. एकेका गावाचे कागद एकेका रुमालात बांधलेले, आणि कुठला रुमाल कुठे ते फक्त तात्यांना ठाऊक. पण भिसेगावचा रुमाल काही मिळेना. तीन दिवस आम्ही फडताळं उपसली, शिंकून शिंकून नाकं लाल झाली. तात्या आपले खुर्चीत बसून हुकूम सोडताहेत, "वरच्या फळीवर बघा! मागे बघा!"

चौथ्या दिवशी शिपाई म्हणाला, "तात्या, जरा उठता का?"

"का रे?"

"भिसेगाव तुमच्या खाली हाय!"

खुर्चीची वेताची बैठक फाटली होती, म्हणून तात्यांनी पावसाळ्यातच तो रुमाल बुडाखाली घेतला होता. ऊबदार झाला होता अगदी.

* * *

रुमाल सोडला. नेमकं राघोच्या घराचं पान वाळवीने फस्त केलेलं! तात्यांनी तसा रिपोर्ट लिहिला. त्यावर वरून शेरा आला, 'पान वाळवीने खाल्ल्याचा पंचनामा का केला नाही?'

तात्यांनी शांतपणे खाली लिहिलं, 'पंच हजर होते. वाळवी हजर राहिली नाही.'

तात्यांची बढती का अडली, हे आम्ही कधी कुणाला विचारलं नाही.

* * *

कागद नाही, मग साक्षीदार आणा. गावातला सर्वांत म्हातारा पांडूदादा कचेरीत आला. साहेबांनी विचारलं, "राघोने घर कधी बांधलं?"

"दारचा फणस लावला तवा."

"आणि फणस कधी लावला?"

"घर बांधलं तवा!"

साहेब कपाळाला हात लावून बसले. पांडूदादा मात्र खूश. बाहेर येऊन काशीबाईला म्हणाला, "घाबरू नको गं. साह्यबानं दोनदा ईचारलं, मी दोन्ही येळंला बरोबर सांगितलं!"

* * *

मग जागेची मोजणी. मोजणीदाराने अंगणातून साखळी ताणली, टोकं दोन खुंटांना अडकवली आणि गिरणीत शेठकडे चहाला गेला. चांगला तासभर रमला. परत येऊन बघतो तर साखळीवर लुगडी वाळत घातलेली!

"बाई, ही सरकारी साखळी आहे!"

"मंग? लुगडी काय चोरीची हायेत? बांधलीच हाय तर वाळू द्या."

लुगडी वाळेपर्यंत सरकारी मोजणी तहकूब. हसत होती बाई, पण लुगडी काढताना तिची नजर सारखी घराच्या कौलांकडे जात होती, ते मी पाहिलं. मला फार वाईट वाटलं. दिवाळीला महिनाही उरला नव्हता.

* * *

शेवटची तारीख. बाईकडे कागद नाही, साक्ष ती तशी. तेवढ्यात तात्या साहेबांच्या कानाशी लागले. साहेब म्हणाले, "शेठ, तुमच्या गिरणीच्या जागेचं खरेदीखत आहे ना? बघू."

शेठ फुलून गेले. आजोबांच्या वेळचं खत, रेशमी फडक्यात बांधून बरोबरच आणलेलं. खतात जागेच्या चारी बाजूंना कोण कोण आहे ते लिहिलेलं असतंच. नाकावर चष्मा चढवून शेठ खणखणीत वाचू लागले.

"पूर्वेस ओढा. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस देवाची जागा. पश्चिमेस राघो याचे मालकी..."

शेठ थांबले.

"वाचा की," साहेब म्हणाले.

"पुढचं लागत नाही साहेब. चष्मा घरी राहिला."

"नाकावर आहे तो."

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दाराशी मुलींना घेऊन बसलेली काशीबाई पदर खोचत उभी राहिली.

"वाचा ना शेट. पश्चिमेला माजी चूल हाय. धूर येतो म्हनून रोज वरडता, आज दिसत नाय व्हय?"