मिसरीचा डाग

"आ कर," बाई म्हणाल्या. मी केला. चौथीचा अख्खा वर्ग माझ्या तोंडात बघत होता. बाईंनी पट्टीचं टोक माझ्या समोरच्या दातावर टेकवलं. तपकिरी डागाचा, खड्डा पडलेला दात. "बघा, मिसरी लावली की असं होतं. यांच्यात लहान पोरींनाही लावतात." पोरं हसली. मी तशीच आ करून उभी. मिट म्हणून कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. मला वाटलं, आई भांडेल. मुकुंदवाडीत नळावर ती कुणाचं ऐकून घ्यायची नाही. इथं तिनं हात जोडले. "माही चूक हाय, बाई. म्याच लावली व्हती मिसरी."

खरंच लावली होती. एकदाच. मी तीन वर्षांची असताना. आई गुलमंडीजवळ एका घरी धुणंभांडी करायची, मला सोबत न्यायची. त्या घरात झोपाळा होता. मी त्यावर चढून बसले. मालकीणबाईंनी दंडाला धरून खाली ओढलं आणि माझं तोंड उंबऱ्यावर आपटलं. समोरचा दुधाचा दात हिरडीत घुसला. मालकीणबाईंनी आधी झोपाळा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "दुधाचाच दात आहे. नाहीतरी पडणारच."

घरी आल्यावर ठणका थांबावा म्हणून आईनं जखमेत मिसरी दाबली. आमच्याकडे दातदुखीला तेच औषध. पुढं दात काळा पडला, हिरडीतून पू येऊ लागला, मग तो वेळेआधीच गळाला. नवा यायला लई वेळ लागला. आला तो हा असा.

मी तो राखेनं घासला, विटेच्या भुकटीनं घासला. हिरडी सोलली, डाग तसाच. हसताना हात तोंडावर. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. राग सगळा आईवर. कितीतरी वर्षं तिला घालूनपाडून बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आज त्याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात दाढ ठणकली म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी समोरचा दात निरखला आणि विचारलं, लहानपणी तोंडावर पडला होतात का? आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. दुधाचा दात आत घुसतो तेव्हा हिरडीत नवा दात घडत असतो, तो मार त्यालाच बसतो, असं त्या म्हणाल्या. "मिसरीचा यात काही संबंध नाही." डाग झाकून देते म्हणाल्या. मी नको म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरीचं पीठ मळत होती. पिठाचा गोळा तिनं परातीत ठेवला. मग म्हणाली, "मंग म्या माफी कशाची मागत व्हते?"

आई अजून त्याच घरी भांडी घासते. मालकीणबाई अजून आहेत. झोपाळाही आहे. उद्या आईसोबत मी जाणार आहे. आधी त्या झोपाळ्यावर बसणार. मग तोंडावर हात न ठेवता बोलणार.