संशयाची लॅब

ज्या खात्यात संशय घेण्याचाच पगार मिळतो, तिथे किस्से साठायला वेळ लागत नाही. नव्वदच्या दशकात शिरवण्याजवळच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कंपनीत मी केमिस्ट होते. कच्चा माल तपासायचा, म्हणजे मुळी खरी आहे का, पावडरीत भेसळ आहे का, तयार गोळी बरोबर आहे का, हे बघायचं. लॅबचे हेड कारखानीस सर. सरांनी सख्ख्या भावाचाही माल टेस्ट केल्याशिवाय घेतला नसता!

*

माझा इंटरव्ह्यूच बघा ना. सरांनी ज्येष्ठमधाचा तुकडा पुढे केला.

"चावा. कसं लागतं?"

"गोड."

"कशामुळे?"

मी ऐटीत सांगितलं, "ग्लिसिरायझिनमुळे, सर."

"कशावरून? मी साखरेच्या पाकात बुडवून दिलं असेल तर?"

मी चावायची थांबले. सर पहिल्यांदा हसले. "आत्ता आला ना संशय? सोमवारपासून या!"

*

वाशीच्या मार्केटमधला एक व्यापारी हळद घेऊन आला. रंग असा पिवळाजर्द, की डोळे दिपावेत.

"साहेब, एक नंबर माल! कर्क्युमिन ठासून भरलंय."

सरांनी चिमूटभर हळद परीक्षानळीत घेतली, वरून ॲसिड टाकलं. नळी लालगुलाबी! शुद्ध हळदीचा हा रंग पाणी ओतलं की जातो, इथे काही केल्या जाईना. म्हणजे कपडे रंगवायचा पिवळा रंग त्यात मिसळलेला.

सरांनी नळी व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

तो गडी जराही डगमगला नाही. "बघा साहेब, हळदीबरोबर कुंकू फ्री!"

*

आमचे स्टोअरकीपर म्हात्रे शिरवण्याचेच. एकदा अश्वगंधेची पोती वजनात कमी भरायला लागली. दर वजनाला थोडी थोडी घट. सरांचा संशय थेट म्हात्रेंवर. ते रोज संध्याकाळी म्हात्रेंची जेवणाची पिशवी उघडून बघायला लागले. बिचारे म्हात्रे मान खाली घालून उभे राहायचे. आम्हालाच लाज वाटायची.

शेवटी मी मुळ्यांमधला ओलावा मोजला. वजन वाढावं म्हणून सप्लायरनं पाणी मारून पोती पाठवली होती, आणि ती स्टोअरमध्ये वाळत होती. चोर कुणीच नव्हतं, पाणी उडत होतं!

सर स्वतः स्टोअरमध्ये गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हात्रे, सॉरी."

म्हात्रेंनी त्यांच्याकडे वर-खाली बघितलं. "सर, ही सॉरी ओरिजिनल हाय ना? का तिच्यात पन पानी?"

*

मार्केटिंगचा एक टायवाला पोरगा नवीन लेबल घेऊन आला. वर ठळक अक्षरांत, 'शंभर टक्के केमिकल-फ्री!'

सर भडकले. "मिरीतलं पिपेरिन काय आहे? सोनामुखीतलं सेनोसाइड काय आहे? केमिकलच ना? केमिकल नसलेली एक वस्तू दाखव मला!"

"मग लेबलवर काय लिहू, सर?"

"आत काय आहे, ते लिही."

पोरगा घाबरला. "सर, एवढं खरं लिहिलं तर खपणार कसं?"

*

आता हा शेवटचा.

म्हात्रेंची आई गुडघ्यांनी अगदी बेजार झालेली. भिंत धरून चालायची. एक दिवस म्हात्रे पेढे घेऊन आले. वाशीच्या एका पुडीवाल्यानं जडीबुटीची पावडर दिली, आणि आठवड्यात म्हातारी भाचीच्या हळदीला नाचली!

सगळ्यांनी पेढे खाल्ले. सरांनी हातातला पेढा तसाच खाली ठेवला. "आठवड्यात? जडीबुटी इतक्या घाईत नसते. म्हात्रे, आईचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो का हो?"

म्हात्रेंनी पेढ्यांचा डबा बंद केला. "बाया म्हंतान, अंग धरलंय."

दुसऱ्या दिवशी पुडी लॅबमध्ये आली. सरांनी शेजारच्या कंपनीतल्या मित्राकडून, ज्याचा संशय होता त्या औषधाचं सॅम्पल तुलनेसाठी आणलं. मी दोन्हींचे ठिपके एका प्लेटवर देऊन ती द्रावणात उभी केली; पदार्थ एकच असेल तर ठिपके सारख्याच उंचीवर चढतात. दोन्ही एकाच रेषेत आले. स्टेरॉइड! गोळ्या कुटून पावडरीत घातलेल्या. चेहऱ्यावरची सूज त्याचीच.

सर, मी आणि म्हात्रे डॉक्टरांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. डॉक्टरांनी समजावलं, हे असंच चालू ठेवणं वाईट आणि एकदम बंद करणंही धोक्याचं. त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडायचं. म्हातारी पुडी कनवटीला लावून बसली होती.

"मी चालतंय ते बघवत नाय का तुमाला?"

"आजी, त्यात भेसळ आहे," सर म्हणाले.

"तू काय बनवतंस तुझ्या कंपनीन?"

"जडीबुटीच्या गोळ्या."

"गुडघ्याच्या?"

"हो. त्यापण."

"तिच्यानं गुडघं बरं होतान?"

"आराम पडतो. वेळ लागतो."

"किती?"

सरांनी डॉक्टरांकडे बघितलं. म्हातारीनं पुडी काढून डॉक्टरांच्या हातात दिली. पण बघत होती सरांकडेच. "ह्याच्या पुडीचा संशय तू घेतलास. तुझ्या गोलीचा कुनी घ्यायचा?"

डॉक्टरांनी पुढे काही महिने घेऊन ते औषध सोडवलं. म्हातारी वाचली. गुडघे मात्र पुन्हा दुखायला लागले, आणि ती पुन्हा भिंत धरून चालू लागली.

पण आम्ही तिच्या घरून आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. सर सकाळी एक बाटली घेऊन आले. आमच्याच कंपनीच्या गुडघ्याच्या गोळ्या. वाशीच्या दुकानातून स्वतः विकत आणलेल्या. त्यांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"चेक करा."

"सर, ही बॅच आपणच पास केलीय! आता यात काय शोधायचं?"

सरांनी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसले.

"सगळं."